घरचे वारंवार विचारतात ते प्रश्न: ओटीपी, कॅप्चा, टीव्ही आणि बाकीच्या कटकटी

दर रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा माझा फोन एंगेज असतो. कऱ्हाडहून आत्या, साताऱ्याहून नानाकाका आणि मधूनच आई, जी आमच्याच घरातल्या दुसऱ्या खोलीतून फोन करते. मी कॉम्प्युटर इंजिनीअर वगैरे नाही. ठाण्यात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करते. पण कधीतरी कुणाचं तरी वायफाय चालू करून दिलं आणि तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं ते आलंच. तेच तेच प्रश्न एकदा लिहून काढले तर निम्मे रविवार तरी सुटतील, म्हणून हे पान. छापून फ्रिजवर लावलं तरी चालेल.

अगं, मी काहीतरी चुकीचं दाबलं का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून पहिला घेतलाय.

आत्या विजेचं बिल एका ॲपवरून भरते. तीन वर्षं बिलाचं बटण एकाच जागी होतं. एका रात्रीत ते उचलून आतल्या पानावर टाकलं आणि त्या जागी कर्जाची जाहिरात आली. आत्याने सवयीने तिथेच बोट ठेवलं, तर फोन विचारतोय, पन्नास हजार लगेच हवेत का? रडवेल्या आवाजात मला फोन: "मी कर्ज घेतलं का गं?"

नाही घेतलंस, आत्या. सवयीने बोट जिथे जातं तिथे विकायचा माल मांडायचा, ही जुनी दुकानदारी आहे. किराणा दुकानदार गोळ्यांची बरणी गल्ल्याशेजारी ठेवतो, तसंच. वापरणाऱ्याला गंडवून हवं ते करून घेणाऱ्या अशा मांडणीला हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून तसले १३ प्रकार बेकायदा ठरवले. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई, न विचारता पिशवीत सरकवलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणं ('नको, मला बचत करायची नाही'), एकदा नाही म्हटलं तरी रोज येऊन तेच विचारणं, हे सगळं त्यात येतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५.

तुझ्यापुरता उपाय एवढाच: पैसे भरायच्या आधी शेवटच्या आकड्याकडे बघ. बिल १,१४० चं आणि एकूण १,१५० दिसत असतील, तर ते दहा रुपये कसले ते शोध. कुठेतरी विमा नाहीतर देणगीसमोर आधीच बरोबरची खूण केलेली सापडेल. ती काढ.

आणि "मला मेलीला काही कळत नाही" म्हणणं बंद कर. चाळीस वर्षं भिशीचा हिशेब तोंडी ठेवलायस तू.

ओटीपी टाकायला परत गेलो की पान पहिल्यापासून सुरू होतं. असं का?

हा नानाकाकांचा. फोनवर काही केल्या कळेना, म्हणून साताऱ्याला गेले तेव्हा शेजारी बसून पाहिलं. ओटीपी आला की काका बँकेचं पान सोडून मेसेजमध्ये जातात. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर येतो. मग सहा आकडे मोठ्याने म्हणत, "चार सात, शून्य दोन, नऊ एक", परत यायला निघतात. वाटेत काकू विचारते, "चहा टाकू का?" आकडे गेले. पुन्हा मेसेज, पुन्हा चष्मा. परत येतात तोवर पान कोरं.

काका, तुमचा फोन जुना आहे, त्याची कामाची मेमरी थोडी. दुसरं ॲप उघडलं की तो पहिल्याला झोपवतो. त्यातून बँकेची पानं सुरक्षेसाठी अर्धवट भरलेली माहिती धरून ठेवत नाहीत. म्हणून पान सोडूच नका. पडद्याच्या अगदी वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, मेसेज तिथेच लोंबकळत दिसेल. आकडे वाचा, बोट वर सरकवा, टाका.

पण ओटीपी कुणालाच सांगायचा नाही ना? मग कुरिअरवाला कसा मागतो?

रास्त प्रश्न, काका. आधी वर्षानुवर्षं लोकांना घोकवलं की ओटीपी कुणाला सांगायचा नाही. मग सामान पोचवणाऱ्यांनी आणि गाडी बोलावायच्या ॲपांनी तोच शब्द वापरून चार आकडे सांगायला लावले. वेगळं नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? 'पोचपावतीचा आकडा' म्हणा, काहीही म्हणा.

आता नियम असा: आकडे सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा. माणूस सामान घेऊन दारात उभा आहे आणि मेसेजमध्ये त्याच सामानाचा उल्लेख आहे, तर सांगा. मेसेजमध्ये रक्कम, बँक, लॉगिन किंवा पासवर्ड असं काही दिसलं, तर दारात प्रत्यक्ष जावई उभा असला तरी सांगू नका. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर आहे.

आलेला फोन बँकेचा की चोराचा, ओळखायचं कसं?

नंबरावरून थोडं ओळखता येतं. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीचे. १६०० ने सुरू होणारी मालिका बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या फोनसाठी राखून ठेवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं, तर ठेवून द्या आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करा. उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

मेसेजचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली एक इंग्रजी अक्षर येतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेची सूचना, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. बँकेच्या नावाने आलेला मेसेज दहा आकडी नंबरावरून असेल, तर त्यातल्या लिंकला हातही लावू नका.

जाहिरातींचे फोन बंद करायला १९०९ वर फोन करा, किंवा इंग्रजीत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य लिहून त्याच नंबरला मेसेज पाठवा. सगळे थांबत नाहीत, पण फरक पडतो.

पोलिसांच्या वेशातला कुणी व्हिडिओ कॉलवर येऊन "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" म्हणाला, तर असली अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. फोन बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. लाज वाटते म्हणून रात्रभर थांबू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकायच्या आत गोठवायचे असतात, त्यामुळे पहिले काही तास सगळ्यात मोलाचे.

(या सावधगिरीची सूचना मध्यंतरी प्रत्येक फोनआधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात ऐकवायचे. जून २०२५ मध्ये ती थांबली. त्याआधी २०२० साली करोनाचा खोकला होता. घाईत डॉक्टरांना फोन लावलाय आणि समोरून खोकला ऐकू येतोय, हे मी तरी विसरणार नाही.)

आईच्या नव्या सिमवर भलत्याच माणसाच्या कर्जाचे फोन का येतात?

नंबर नवा नसतो म्हणून. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो. आईला मिळालेला नंबर आधी कुणा गृहस्थांचा होता. त्यांनी दुचाकीचं कर्ज काढलेलं आणि हप्ते थकवलेले. वसुलीवाले आईला "साहेबांना द्या" म्हणायचे. आई दोन महिने "साहेब बाहेर गेलेत" असं सांगत होती, कारण तिला वाटलं बाबांसाठी फोन आहे. शेवटी मी त्या वित्त कंपनीला नंबर बदलल्याचं लेखी कळवलं, सिम घेतल्याच्या पावतीसकट. त्यावर थांबलं.

उलटी बाजू जास्त महत्त्वाची. तुम्ही नंबर सोडलात तर आधी बँक, आधार, ईमेल, सगळीकडून तो काढा. नाहीतर तुमचे ओटीपी पुढच्या मालकाला.

मी माणूसच आहे, हे मला परत परत का सिद्ध करावं लागतं?

तिकडे आपोआप चालणारे प्रोग्राम हजारोंनी फॉर्म भरत असतात, त्यांना अडवायला कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं माणसाला वाचता येतात, मशीनला येत नाहीत, या भरवशावर तो निघाला. लुईस फॉन आन हा संगणकशास्त्रज्ञ आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे त्यात एक शक्कल लढवली. २००७ साली 'रीकॅप्चा' आला. त्यात दाखवलेल्या दोन शब्दांपैकी एक जुन्या पुस्तकाच्या किंवा वर्तमानपत्राच्या स्कॅनमधला असायचा, जो मशीनला वाचता आलेला नव्हता. लोक तो वाचून टाइप करायचे आणि जुने कागद फुकटात कॉम्प्युटरवर चढायचे. २००९ मध्ये गुगलने ते विकत घेतलं. पुढे चित्रं आली.

आता चित्रांची गंमत. "फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा." आत्याला विचारलं, काय दाबलंस? म्हणाली, "लाल होतं ते. मला वाटलं टपालपेटी." अमेरिकेतल्या फुटपाथवर असतो तो आग विझवायच्या पाण्याचा बुटका नळ. कऱ्हाडात सत्तर वर्षं काढलेल्या बाईने तो कुठे बघावा? पिवळी स्कूल बस तरी ठीक, पण तिथला सिग्नल आडव्या तारेवर टांगलेला असतो आणि आपला खांबावर. मग चौकोनात खांबाचा तुकडा आला तर तो धरायचा की नाही? त्याचं उत्तर मलाही ठाम देता येणार नाही. मी धरत नाही.

व्यवहारात: चित्र बदलून मागायचं गोल बाणाचं बटण असतं, ते दाबा. हेडफोनचं चिन्ह दाबलं तर ऐकून टाइप करायचं येतं, पण ते इंग्रजी उच्चार ऐकून माझेही कान शरण जातात.

'नाव जुळत नाही' असं का येतं? माझंच नाव आहे की!

कारण वेबसाइट बनवणाऱ्याला वाटतं की जगात सगळ्यांना एक पहिलं आणि एक शेवटचं नाव असतं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर बायकांचं मधलं आणि शेवटचं, दोन्ही बदलतात. काही जणींचं पहिलंसुद्धा. पॅनवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि तीन मशीनं एकमेकांना विचारतात, "ही तीच का?" अक्षरन् अक्षर जुळवून बघणाऱ्या मशीनला ती तीच वाटत नाही.

आईच्या बाबतीत घोळ एका 'ए'चा होता. आधारवर मधल्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'ए' होता, पॅनवर नव्हता. मराठी नाव इंग्रजीत लिहायला एकच एक पद्धत नाही. काळे, काले आणि इंग्रजीतली ती 'केल' नावाची पालेभाजी, तिन्ही एकाच स्पेलिंगात बसतात, कारण इंग्रजीत ळ नाही. कारकुनाने त्या दिवशी जे लिहिलं ते तुमचं नाव. पॅन आणि आधार जोडायच्या वेळी आईचा अर्ज तीनदा परत आला. चौथ्या वेळी आधार केंद्रात जाऊन रांगेत उभं राहून तो 'ए' काढला. तो माणूस म्हणाला, "बाई, दिवसाला निम्मं काम हेच असतं."

यात नवी भर म्हणजे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही घातलंय. बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. पण माझ्या मावसभावाच्या मुलीचा एक फॉर्म भरायला बसलो तर खाने तीनच. दोन नावं मधल्या खान्यात कोंबली, तर 'मधल्या नावात मोकळी जागा चालत नाही'. जोडून लिहिली. पोरीचं मधलं नाव आता एखाद्या औषधासारखं दिसतं.

सल्ला: एक कागद 'मूळ' ठरवा. घरात मी पॅन धरलंय. बाकी सगळं हळूहळू त्याच्या स्पेलिंगला आणा, आणि फॉर्म भरताना ते कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बघून भरा, आठवणीतून नको.

समोर लिहिलेलं दिसतंय, तरी शोधल्यावर 'सापडत नाही' का म्हणतो?

हा प्रश्न खरं तर माझाच. मराठीत काम करणाऱ्यांनीच वाचा, बाकीच्यांनी खाली उडी मारा.

ऑफिसच्या यादीत मी 'कऱ्हाड' शोधलं, बारा गिऱ्हाइकं आली. हाताने मोजली तर एकोणीस. सात जणांच्या गावाचं नाव डोळ्यांना हुबेहूब तेच दिसत होतं. अर्धा दिवस घालवल्यावर उलगडलं. आपला तो आडवा, मिशीसारखा र दोन प्रकारांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर एकच, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. आमच्याकडे दोन माणसं दोन कीबोर्ड वापरत होती, एवढंच कारण.

'ॲडव्हान्स'चीही तीच रड. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या मशीनांनी मानलेल्या अक्षरांच्या यादीत, स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवायचे आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. त्यामुळे गंमत अशी की 'ॲप' हा शब्दच शोधायला गेलात तर निम्मे सापडतील. शोधताना हे अक्षर टाळा. मी 'डव्हान्स' एवढंच शोधते. हसू येतं, पण सगळं सापडतं.

आत्याच्या महिला मंडळाचा २००६ चा अहवाल उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, त्याचं कारण वेगळं. तेव्हा कृतीदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टायपिंग व्हायचं. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालचं इंग्रजी उरलं. फाइल बिघडलेली नाही, टाकून देऊ नकोस. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. फक्त नंतर रफार आणि पहिल्या वेलांट्या डोळ्यांखालून घाल, त्या हटकून घसरतात.

फोनवर ल आणि श हिंदीसारखे का दिसतात, हे बाबांनी विचारलंय. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पक्का केलाय. पण फोनमधला फॉन्ट भाषा हिंदी धरून चालला, तर दंडाचा ल काढतो. फोनची भाषा मराठी केली की काही फोनवर सुधारतं. 'नाही' लिहिलं की 'नहीं' होतं तेही त्यामुळेच, कीबोर्ड हिंदीचा लावलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी घ्या.

आजीने यावर स्वतःचा तोडगा काढलाय. ती माइकचं बटण दाबून बोलते. परवा तिने अमेरिकेतल्या नातवाला पाठवलेला मेसेज असा: "कसा आहेस बाळा जेवतोस ना वेळेवर अगं दूध उतू जातंय गॅस बंद कर बरं ठेवते."

मेमरी फुल का होते? मी तर काहीच ठेवत नाही.

तू ठेवत नाहीस, आई, ग्रुप ठेवतात. तुझ्या फोनमध्ये अकराशे फोटो होते आणि त्यातले नऊशे सूर्योदय, गुलाब आणि चहाचे कप. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे. तिथे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद कर. तिथेच 'मॅनेज स्टोरेज'मध्ये सगळ्यात मोठे व्हिडिओ वर दिसतात, ते काढ. आणि खोडलेलं आधी कचरापेटीत जातं, ती रिकामी केल्याशिवाय जागा होत नाही.

नानाकाकांना ईमेल येणं बंद झालं तेही याच घराण्यातलं दुखणं. गुगल फुकटात १५ जीबी देतं. त्यात मेल, फाइली आणि फोटो तिघे भाऊ एकत्र नांदतात. १ जून २०२१ च्या आधी फोटोंना वेगळी, अमर्याद सवलत होती, तेव्हापासून तेही यात मोजले जातात. फोटोंनी घर भरलं की मेल दारातून परत जातो. काकांच्या नातवाच्या बारशाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ हलवल्यावर मेल यायला लागले.

प्रिंटर 'ऑफलाइन' का दाखवतो?

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायलाच हवा का?

ऑफिस मागत असेल तर इलाज नाही. पण घरी नको. कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह आणि दर काही दिवसांनी बदल, हा शिरस्ता अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक कागदपत्रातून जगभर गेला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं की आपल्याला त्याचा पस्तावा होतोय. त्याच वर्षी संस्थेने सल्ला उलटा केला: लांब पासवर्ड ठेवा, आणि फुटल्याचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका. कारण सक्तीने बदलायला लावलं की माणूस काय करतो? गावाचं नाव, पुढे १. मग २. नानाकाका सतरापर्यंत पोचलेत.

एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, तुम्हालाच आठवतील असे. बँकेचा आणि ईमेलचा वेगवेगळा. आणि वहीत लिहून ठेवायला माझी हरकत नाही. कपाटातल्या वहीपर्यंत परदेशात बसलेला चोर पोचत नाही. फक्त त्या वहीवर 'पासवर्ड' असं लिहू नका.

ॲप काढून टाकलं, तरी पैसे का कापले जातात?

ॲप काढलं म्हणजे दुकानात जाणं बंद केलं. उधारीच्या वहीतलं नाव तसंच आहे. 'सात दिवस फुकट' घेताना तुम्ही दर महिन्याला कापायची परवानगी दिलेली असते. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' अशी यादी असते, तिथे जाऊन रद्द करा. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमाने असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरातींच्या गर्दीत बुडते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती यादीच बघायची. आईकडे व्यायामाचं एक ॲप निघालं, चौदा महिने चालू. तिने ते एकदा उघडलेलं, गुढीपाडव्याला.

कुकीज 'ॲक्सेप्ट' करायच्या का?

कुकीज म्हणजे तुम्ही काय बघता ते लक्षात ठेवायला वेबसाइट तुमच्या फोनमध्ये ठेवते त्या चिठ्ठ्या. परवानगी मागणाऱ्या पट्टीवर 'रिजेक्ट' दिसत असेल तर ते दाबा, काही बिघडत नाही. ही पट्टी मूळची युरोपातल्या कायद्यांची देणगी, २५ मे २०१८ ला तिथला 'जीडीपीआर' हा खासगी माहिती जपायचा कायदा लागू झाल्यावर ती सगळीकडे बोकाळली.

कस्टमर केअरचा नंबर कुठे शोधायचा?

गुगलवर शोधू नका. अगदी ठासून सांगते. खोटे नंबर टाकून ठेवणारे तिथे टपलेले असतात, आणि तुम्ही आपणहून फोन केल्यामुळे तुम्हाला संशय येत नाही. नंबर वस्तूच्या खोक्यावरून, बिलावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. "स्क्रीन दिसण्यासाठी हे ॲप टाका" म्हणाला की फोन ठेवा.

खरा नंबर लागला तर माणूस भेटायला वेळ लागेल. मराठीसाठीचा आकडा दाबा, असला तर. आजी यंत्रातल्या बाईला "अहो ताई, माझं ऐका तर" म्हणत राहते. ती ताई ऐकत नाही, आजी.

टीव्ही लावला की सह्याद्री का लागत नाही?

आजीचा एकमेव प्रश्न. तिला संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या हव्या असतात. जुन्या टीव्हीला बटण दाबलं की चित्र यायचं. नवा आधी स्वतः जागा होतो, मग कंपनीचं चिन्ह, मग सिनेमांच्या जाहिरातींची भिंत, मग 'अपडेट आलंय'. तोवर ठळक बातम्या संपतात.

आम्ही केलं ते असं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू होताच काय लागावं याचा पर्याय काही टीव्हींत असतो. तिथे सेट-टॉप बॉक्सची वायर ज्यात खुपसलीय ते 'एचडीएमआय' निवडलं. अपडेट पहाटे आपोआप होतील असं ठेवलं. दोन रिमोटपैकी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि आवाज एवढं सोडून बाकी सगळ्यावर पांढरी चिकटपट्टी मारली. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर सह्याद्रीच्या नंबरच्या आकड्यांना आईने नेलपॉलिशचे ठिपके लावलेत, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आता लागतं. चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते, तेव्हा आजी मला फोन करते की टीव्ही इंग्रजी बोलायला लागला.

जुना फोन कुणाला दिला तर चालेल ना?

चालेल, पण देण्याआधी त्यातलं गुगल खातं सेटिंगमध्ये जाऊन काढा आणि मगच सगळं पुसा. नुसतं बटणं दाबून पुसलात तर फोन चोरीचा समजून आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतो. तो नसेल तर फोन म्हणजे पेपरवेट.

नानाकाकांनी त्यांचा फोन दुधाच्या डेअरीतल्या पोराला दिला आणि नेमकं हेच झालं. पासवर्ड गावाच्या नावाचा, पण कितवा? एक ते सतरा सगळे टाकून पाहिले, मग फोनने दिवसभर दार लावून घेतलं. काकूने कपाट काढलं. २०१९ च्या डायरीत, गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने लिहिलेला सापडला. गावाचं नाव नव्हतंच. काकूचं माहेरचं नाव होतं.